नेम धरावा, पण औषध सोडू नये

आज आषाढ शुद्ध एकादशी. त्र्यंबकेश्वराहून निघालेली श्रीनिवृत्तिनाथांची पालखी आमच्या नगरवरून पुढे गेली, तेव्हा वेशीपर्यंत जाऊन पादुकांवर डोके ठेवून आलो. सोबत पंढरीपर्यंत चालण्याइतके गुडघे आता उरलेले नाहीत. आज चंद्रभागेच्या वाळवंटी वैष्णवांचा मेळा जमला असेल, आणि आपल्या घरोघर वरीचे तांदूळ निवडून झाले असतील, देवापुढे तुळशीचा हार आला असेल. आजपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास. फराळाच्या पंगतीत आज एक विषय हमखास निघतो : यंदा नेम कोणता धरावयाचा? कुणी कांदा-लसूण वर्ज्य करील, कुणी एकभुक्त राहील, कुणी पोथी लावील, कुणी मौनाने जेवील. नेमांची ही परंपरा मला अतिशय प्रिय आहे आणि तिच्याचविषयी आज थोडे निराळे बोलावयाचे आहे.

गेली चाळीस वर्षे कीर्तनाच्या निमित्ताने गावोगाव हिंडतो. आरती झाली, बुक्का लावून झाला, की मंडळी जवळ येऊन बसतात आणि प्रश्न विचारतात. पूर्वी हे प्रश्न पावसाचे असत, मुलीच्या लग्नाचे असत, भाऊबंदकीचे असत. ते आजही आहेत, परंतु अलीकडे दहांतील सहा जण एकच गोष्ट विचारतात : “बुवा, रात्री झोप लागत नाही. कोणता जप करू?” विचारणारा बारावीचा विद्यार्थी असतो, कांद्याच्या भावाकडे डोळे लावून बसलेला शेतकरी असतो, आमच्या भिंगार कॅम्पातील एखादी फौजीची पत्नी असते, जिला सीमेवरून फोन येईपर्यंत घास गिळत नाही. निवृत्त झालेला कारकूनही असतो, ज्याला आता काही काम नाही हाच ताण. छातीत धडधडते, हातापायांना घाम सुटतो, डोके जड होते, कारणाशिवाय संताप येतो, असे ते सांगतात. या सर्वांना मी अनेक वर्षे एकच उत्तर देत असे : नाम घ्या, बाकी सर्व सोडा.

त्यातील पहिला अर्धा भाग बरोबर होता. दुसऱ्या अर्ध्या भागाने काय केले, ते आज सांगतो. सणाच्या दिवशी हा विषय नको, असे घरातून सुचविण्यात आले होते. परंतु चातुर्मासाच्या आरंभी नाही तर मग केव्हा?

पाच-सहा वर्षांपूर्वी भिंगारपासून फार दूर नसलेल्या एका गावी श्रावणातल्या सप्ताहात माझे कीर्तन होते. पूर्वरंगात नाममाहात्म्य चालले होते. माझी एक ठरलेली कोटी होती : देवाची गोडी लागली, की डॉक्टरची गोळी सुटते. गोडी आणि गोळी. या कोटीला कधी हशा आला नाही, असे झाले नव्हते. त्या रात्रीही आला. कोटी साधली म्हणजे कीर्तनकाराला जे सुख होते, ते ज्याचे त्यालाच ठाऊक. मी पुढे गेलो, आख्यान रंगले, बिदागी घेऊन परत आलो.

महिन्याभराने लष्करात नोकरीस असलेला एक तरुण देवळात मला शोधीत आला. पायांतील वहाणा काढल्या, नमस्कार केला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, “बुवा, तुमची कोटी आमच्या बहिणीच्या घरात राहायला आली आहे.” हकीकत अशी, की बहीण बाळंत झाल्यावर तिच्या मनाला एक औदासीन्य आले होते. रडू आवरत नसे, तान्ह्या मुलाला घ्यावेसे वाटत नसे. डॉक्टरांनी औषध सुरू केले होते आणि हळूहळू उतार पडत होता. सासूबाई माझ्या कीर्तनास आल्या होत्या. भाविक बाई, सुनेचे वाईट व्हावे, असे त्यांच्या स्वप्नातही नव्हते. घरी जाऊन त्यांनी गोळ्यांची पाकिटे उचलून ठेवली आणि सुनेच्या हाती जपमाळ दिली. पंधरा दिवसांत मुलीची झोप पार उडाली, खाणे तुटले, ती भिंतीकडे तोंड करून बसू लागली.

मी त्या तरुणाबरोबर त्याच दिवशी गेलो. सासूबाईंनी पाट मांडला आणि मी काही बोलण्याआधीच म्हणाल्या, “बुवा, तुम्हीच तर सांगितलंत ना?” मी म्हणालो, “आक्का, सांगितलं खरं. चुकीचं सांगितलं.” चाळीस वर्षांत व्यासपीठावरून अनेक गोष्टी सांगितल्या, हे एक वाक्य बोलावयास मात्र फार जड गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे डॉक्टरांकडे गेलो. असली औषधे आपल्या मनाने एकदम थांबवावयाची नसतात, थांबवावयाची झाली तरी वैद्याच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावयाची असतात, हे त्यांनी सासूबाईंना शांतपणे समजावले. मला ते रागावले नाहीत. उलट मुलीला गाण्याची आवड आहे, असे कळताच त्यांनी मलाच विचारले, की शेजारच्या भजनी मंडळात तिला आठवड्यातून दोनदा पाठविता येईल का? गोळी त्यांनी दिली आणि गोडी लावण्याचे काम माझ्यावर सोपविले. म्हणजे माझ्या कोटीत जी दोन टोके मी एकमेकांविरुद्ध उभी केली होती, ती त्या गृहस्थाने एका चिठ्ठीवर शेजारी शेजारी लिहिली.

घरी आल्यावर चरकसंहिता काढली. संस्कृतचा अभ्यासक म्हणून जी पोथी मी विद्यार्थ्यांना शिकविली, तीच मी नीट वाचली नव्हती, याची लाज वाटली. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात चरकाचार्य औषधाचे तीन प्रकार सांगतात : दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. पहिल्यात मंत्र, होम, नियम, उपवास, प्रणिपात हे सारे येते. इतकेच नव्हे, तर ‘गमन’ म्हणजे तीर्थयात्राही येते. आपली वारी, आपले चातुर्मासाचे नेम यांना चरकाने औषधांच्या यादीत मानाचे स्थान दिले आहे, हे भाविकांनी अभिमानाने लक्षात ठेवावे. दुसऱ्यात आहार आणि औषधिद्रव्ये यांची विचारपूर्वक केलेली योजना येते. तिसरा, सत्त्वावजय, म्हणजे अहितकर विषयांपासून मनाला आवरणे. हे तिन्ही ‘औषध’ या एकाच शब्दाखाली मांडलेले आहेत. पहिले घेतले की दुसरे सोडावे, असे चरक कोठेही म्हणत नाही. तो वैद्य होता. कोटी करण्याचा मोह त्याला नव्हता.

पतंजलींच्या योगसूत्रांतही असेच एक लहानसे अक्षर आहे, ज्याकडे माझे वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले. समाधिपादात चित्ताला विक्षेप आणणारे नऊ अंतराय सांगून त्यांचे चार सोबती दिले आहेत : दुःख, दौर्मनस्य, अंगाची थरथर आणि श्वासाची अनियमित गती. आज डॉक्टर ज्याला ताणाची लक्षणे म्हणतात, ती यापेक्षा फार निराळी नाहीत. मन बिघडले की अंग कापते आणि श्वास बिघडतो, ही जोडणी पतंजलींनी नेमकी हेरली होती. त्यानंतर चित्तप्रसादनाचे उपाय येतात. प्रथम मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा. (यांपैकी उपेक्षा ही शेजाऱ्यांच्या बाबतीत किती उपयोगी पडते, हे चाळीत राहिलेल्यास सांगावयास नको.) मग चौतिसाव्या सूत्रापासून एकोणचाळिसाव्या सूत्रापर्यंत, सहाही सूत्रांत, एक ‘वा’ येतो. श्वास दीर्घ सोडून पाहा, किंवा हे, किंवा ते. आणि शेवटी तर, आपल्याला जे रुचेल त्याचे ध्यान करा, इतकी मोकळीक. एवढा मोठा योगी सहा वेळा ‘किंवा’ म्हणतो. मग आपण कोण, जे समोर बसलेल्या प्रत्येकाला एकाच औषधाची पुडी बांधून देतो?

ताण हा शब्दही पाहा. ‘तन्’ धातूपासून तंतू, तसाच ताण. वीणेच्या तारेला ताण नसेल तर सूर निघत नाही. अधिक झाला तर तार तुटते. आधुनिक वैद्यकात ‘स्ट्रेस’ या कल्पनेचा पाया हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ साली ‘नेचर’ या नियतकालिकातील एका छोट्या लेखाने घातला. संकट निरनिराळे असले, तरी शरीराची प्रतिक्रिया बरीचशी एकाच साच्याची असते, असे त्याला उंदरांवरील प्रयोगांत आढळले. भय वाटले, की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी रक्तात द्रव सोडतात. हृदय धावू लागते, श्वास वरवर होतो, पचन थांबते. वाघ समोर आला असता हे सारे उपकारकच. परंतु सावकाराचा हप्ता, परीक्षेचा निकाल आणि सुनेचा सूर हे वाघ रोज येतात आणि निघून जात नाहीत. शरीर मात्र प्रत्येक वेळी वाघासाठीच सज्ज होते. त्यातूनच निद्रानाश येतो, रक्तदाब चढतो आणि पोटाच्या तक्रारी सुरू होतात.

या लक्षणांचे आपल्या वाङ्मयातील सर्वांत हुबेहूब वर्णन कुठे आहे, असे मला विचारले तर मी गीतेचा पहिला अध्याय दाखवीन. अर्जुनाचे तोंड कोरडे पडते, अंग कापते, त्वचा जळते, गांडीव हातातून गळते, मन भोवंडते. हा भित्रा नव्हे. त्या काळचा सर्वश्रेष्ठ धनुर्धर आहे. म्हणून ‘आपल्या घरात असले काही होत नाही’ असे कोणी म्हणू नये. श्रीकृष्णांनी त्यावर काय केले? अर्जुनाने मन मोकळे केले, तोवर भगवंत जवळजवळ काहीच बोलले नाहीत. ऐकून घेतले. उपदेश दुसऱ्या अध्यायात सुरू होतो. आम्ही कीर्तनकार आणि घरातील वडील मंडळी नेमका हाच पहिला अध्याय गाळतो आणि एकदम दुसऱ्यावर येतो. पुढे सहाव्या अध्यायात भगवंत योगाची पहिली पायरी म्हणून काय सांगतात? आहार, विहार, काम, झोप आणि जागरण बेताचे असावे. आमच्याच जिल्ह्यातील नेवासे येथे, शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानदेवांनी याच सहाव्या अध्यायावर जो योगाचा विस्तार मांडला, तो वाचताना आपण कुंडलिनीच्या वर्णनात रमतो आणि वेळेवर झोपावे, हे साधे सांगणे विसरून जातो.

आता आमच्या धंद्याकडे येतो. कीर्तनाने मनाला बरे का वाटते? भगवंताची कृपा हे पहिले उत्तर, आणि ते मी सोडणार नाही. परंतु कृपा ज्या वाटेने येते ती वाट पाहण्यास काय हरकत आहे? नामाचा गजर करताना माणूस चरण पुरा होईपर्यंत श्वास सावकाश सोडीत राहतो आणि चटकन आत घेतो. म्हणजे उच्छ्वास लांब, श्वास आखूड. उच्छ्वास लांबला की मेंदूपासून हृदयाकडे व पोटाकडे जाणारी एक मोठी मज्जा हृदयाला संथ करते. २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इटलीतील संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. २३ निरोगी माणसांना त्यांनी लॅटिन भाषेतील ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र म्हणावयास लावले. दोहोंनी श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर आली आणि रक्तदाब सांभाळणारी शरीरातील यंत्रणा अधिक तत्पर झाली. त्याआधी १९७५ साली हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सन या डॉक्टरांनी एका पुस्तकात लिहिले होते, की एखादा शब्द शांतपणे पुन्हा पुन्हा उच्चारावा, मधे विचार आले तर त्यांच्याशी न भांडता पुन्हा शब्दाकडे वळावे. भयाच्या उलट अशी विश्रांतीची अवस्था शरीरात येते. आपल्या आजीला हे ठाऊक होते, असे म्हणून आपण मोकळे होतो. आजीला ठाऊक होते, हे खरेच. परंतु २३ माणसांचा प्रयोग म्हणजे सर्व रोगांवरील गुटिका नव्हे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

शिवाय कीर्तनात केवळ जप नसतो. टाळी असते, उभे राहणे असते, डोलणे असते. पूर्वरंगात हसू येते, उत्तररंगात आख्यान रंगले की डोळे भरतात आणि शेजारी बसलेल्याचेही भरलेले दिसतात. आपल्यासारखेच दुसऱ्यालाही रडू येते, हे कळल्याने जे ओझे उतरते, ते एकट्याने फोनवर कीर्तन ऐकून उतरत नाही, असे माझे मत आहे. या मतात माझा स्वार्थ आहे, हे कबूल करतो. दासगणू महाराज आमच्याच तालुक्यातील अकोळनेरचे. आधी पोलिसांत नोकरी आणि पुढे आयुष्यभर कीर्तन. त्यांची परंपरा सांगणाऱ्या आम्हा लोकांनी मांडवात चार माणसे एकत्र बसवीत राहावे, एवढी तरी अपेक्षा रास्त आहे.

आमच्या या परिसराने मनाच्या अस्वास्थ्याची आणि स्वास्थ्याची मोठी उदाहरणे पाहिली आहेत. १७०७ साली याच भिंगारच्या छावणीत बादशहा औरंगजेब वयाच्या ८८व्या वर्षी वारला. पंचवीस वर्षांहून अधिक काळ दख्खनेत घालवून, अफाट सैन्य आणि खजिना हाताशी असून, अखेरीस मुलांना लिहिलेली त्याची पत्रे खंताने भरलेली आहेत. येथून हाकेच्या अंतरावर नगरचा किल्ला. ऑगस्ट १९४२ मध्ये पकडलेले काँग्रेसचे पुढारी तेथे सुमारे अडीच-पावणेतीन वर्षे अडकून पडले. सुटका केव्हा, हे कुणालाच ठाऊक नव्हते. पंडित नेहरूंनी त्या दगडाळ जमिनीत खोदून बाग फुलविली आणि १९४४ साली एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत ‘भारताचा शोध’ हा ग्रंथ लिहिला. मौलाना आझादांची पत्नी एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यास वारली. मौलानांना अखेरचे दर्शनही झाले नाही. त्या दिवसांत आपण नित्यक्रम मोडू दिला नाही, असे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांशी त्यांनी कशी मैत्री जोडली, त्याचेही वर्णन त्यांच्या पत्रांत आहे. मातीत हात घालणे, ठरल्या वेळी लिहिणे, पाखरांना दाणे टाकणे : हे सारे नेमच आहेत. आणि अरणगावजवळच्या मेहेराबादेत मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी मौन धरले, ते ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत. एवढे मौन आपल्या आवाक्यातले नव्हे. घरात रात्री जेवताना अर्धा तास फोन आणि दूरचित्रवाणी बंद ठेवता आली, तरी पुष्कळ झाले.

महाराष्ट्रात या विद्येचा शास्त्रीय अभ्यास करणारी माणसे झाली, हे आपले भाग्य. स्वामी कुवलयानंद मूळचे जगन्नाथ गणेश गुणे. संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविणारा हा विद्यार्थी पुढे योगाकडे वळला आणि १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले. आसन केले असता शरीरात काय घडते, हे क्ष-किरणांनी आणि उपकरणांनी पाहावे, हा त्यांचा आग्रह. आपल्या परंपरेवर श्रद्धा होती म्हणूनच ते तिची परीक्षा घेण्यास भ्याले नाहीत. त्याच वर्षी, जानेवारी १९२४ मध्ये, पुण्याच्या ससून रुग्णालयात महात्मा गांधींवर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. रामनामावर त्यांच्याएवढी श्रद्धा क्वचितच कुणाची असेल. पुढे १९४६ साली उरुळी कांचन येथे निसर्गोपचार आश्रम सुरू करताना त्यांनी माती, पाणी, ऊन यांच्या जोडीला रामनामच ठेवले. परंतु वेळ आली तेव्हा ते शस्त्रक्रियेच्या टेबलावर निजले. ज्यांना नाम आणि दवाखाना यांत वैर दिसते, त्यांनी या दोन्ही तारखा एकत्र वाचाव्यात.

सावधपणाही हवा. कपालभाती आणि जोरकस कुंभक रक्तदाब व हृदयविकार असलेल्यांनी आपल्या मनाने करू नयेत. काचबिंदू असलेल्याने शीर्षासन टाळावे. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात दहा दिवसांचे मौन पाळून ध्यान शिकवितात. तेथे शुल्क घेत नाहीत आणि अनेकांना त्याचा लाभ झाला आहे. परंतु गंभीर मानसिक आजार असणाऱ्यांनी अशा शिबिरास येऊ नये, असे तेथील लोकच सुचवितात. जी जागा आपली मर्यादा स्वतःहून सांगते, तिच्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नाही. उलट हजारो रुपये घेऊन तीन दिवसांत ताणमुक्त करून देतो, असे म्हणणारी जी मंडळी अलीकडे मंगल कार्यालयांतून दिसतात, त्यांच्यापासून दूर राहावे. आणखी एक. कर्जाचा ताण प्राणायामाने फिटत नाही. जिल्ह्याच्या दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याला श्वास मोजावयास सांगणे आणि पाण्याविषयी मौन पाळणे, हा मला धर्म वाटत नाही. त्याला झोप यावी असे वाटत असेल, तर शेजाऱ्याने, सोसायटीने, गावाने त्याच्या हिशेबाच्या वहीपाशीही बसले पाहिजे.

मग यंदा नेम कोणता? कांदा-लसूण सोडावयाचा असेल तर सोडावाच. त्याच्या जोडीला माझी काही सुचवणी आहे. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावल्यावर दहा मिनिटे ताठ बसून श्वास सावकाश सोडीत नाम घ्यावे. आकडा मोजू नये, कारण आकडा मोजू लागलो की त्याचाही ताण येतो. सकाळी देवदर्शनास गाडीवरून न जाता पायी जावे. रात्री निजण्यापूर्वी तळपायांना खोबरेल किंवा तूप लावून काशाच्या वाटीने चोळावे. डोके, कान आणि तळपाय यांना विशेषेकरून तेल लावावे, असे वाग्भटाने दिनचर्येत सांगितले आहे. हे सुनेने सासऱ्याचेच करावे, असे कुठे लिहिलेले नाही. एकदा मुलाने आईचे करून पाहावे. त्या दहा मिनिटांत जे बोलणे होते, ते तेलाइतकेच गुणकारी असते. निजण्याची वेळ ठरवावी आणि हरिपाठाप्रमाणे ती मोडू नये. उपवास मात्र मधुमेही, गर्भार आणि नियमित औषध घेणाऱ्यांनी वैद्याला विचारूनच करावा. पारण्याच्या दिवसापर्यंत गोळ्या बंद, असा नेम कुणी धरला असेल, तर तो आजच सोडावा. नेम मोडल्याचा दोष लागत असेल, तर तो माझ्या माथी.

आणि दोन-तीन आठवडे झोप नाही, खाण्यावर मन नाही, कामात लक्ष नाही, जगणे नको असे शब्द तोंडातून येऊ लागले आहेत, असे घरात कुणाचे दिसले, तर अंगारा लावावा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. शासनाने १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ नावाची विनामूल्य सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीतून बोलता येते. हा क्रमांक मी पंचांगाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. एकादशी कधी, हे पाहताना तोही दिसतो.

ती मुलगी आता बरी आहे. औषध डॉक्टरांनी सांगितले तेव्हा, सांगितले तसे, उतरविले. भजनी मंडळात ती पेटी वाजविते आणि सासूबाई टाळ धरतात. ठेका चुकला की सून सासूकडे पाहते. त्या घरी मी वर्षातून एकदा जातो. पाट आता माझ्यासाठी आधीच मांडलेला असतो, पण सासूबाई अजून मला चेष्टेने विचारतात, “बुवा, यंदा कोणती नवी कोटी?”

नवी कोटी अद्याप सुचलेली नाही. जुनी वगळली आहे. यंदा चातुर्मासात अर्जुनविषादाचे आख्यान लावणार आहे आणि त्यात पहिला अध्याय गाळणार नाही. आख्यान लांबते, ही माझ्याविषयीची तक्रार जुनीच आहे. तेव्हा ज्यांची झोपेची वेळ ठरलेली असेल, त्यांनी मधूनच खुशाल उठून जावे; मी व्यासपीठावरून काही बोलणार नाही.